लेकरांना वावर वाटून देताना

2025 च्या मे महिन्यात आमच्या चौघांचे वेगळे सातबारे निघाले. सुरुवात 2023 च्या दिवाळीत झाली होती. वाटणी कशी करायची हे सांगणारे व्हिडिओ ढिगानं आहेत, पण त्यात "अर्ज करा, आदेश घ्या" एवढंच असतं. अर्ज आणि आदेश यांच्या मधे काय काय होतं, घरात काय होतं, हे कोणी सांगत नाही. मला त्या वेळी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून लिहिते आहे. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. दुसऱ्या तालुक्यात थोडा फरक पडेल, तो तिथल्या पटवाऱ्याला विचारून घ्या. (सप्टेंबर 2024 पासून तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं ठरलं आहे. आमच्याकडं तलाठीसुद्धा कोणी म्हणत नव्हतं. पटवारी तो पटवारीच.)

हे 2004 साली आजारपणात गेले. सासू-सासरे त्याआधीच गेले होते. वारस म्हणून सातबाऱ्यावर माझं नाव लागलं आणि तिन्ही लेकरांची लागली. पोरगी बारा वर्षांची, थोरला नऊ, धाकटा पाच. तिघांच्या नावापुढं "अ.पा.क. आई" असा शेरा पडला, म्हणजे लेकरं अज्ञान (अठरा वर्षांखालची), पालनकर्ती मी. जमीन 3 हेक्टर 60 आर. नाल्याच्या काठचा दोन हेक्टरचा काळा गट, त्यात विहीर, आणि टेकडीच्या अंगाचा 1 हेक्टर 60 आरचा बरड गट.

तेव्हापासून सगळं मी पाहिलं. सालदार ठरवणं, कृषी केंद्रातली उधारी, कापूस कोणत्या दिवशी बंडीत (बैलगाडीत) भरायचा, कोणत्या व्यापाऱ्याला द्यायचा, सोसायटीचं कर्ज मार्चच्या आत कसं फेडायचं. नाल्याकडच्या शेजाऱ्याचा वखर दरवर्षी एक तास, म्हणजे एक ओळ, आमच्या धुऱ्यात, म्हणजे बांधात, घुसायचा. पेरणीच्या आधी मी धुऱ्यावर जाऊन उभी राहायची. बाईमाणूस म्हणून कोणी काही बोललं तर ऐकून घ्यायची, पण हलायची नाही.

मग आता बावन्नाव्या वर्षी वाटणी का केली, असं बऱ्याच जणांनी विचारलं. मी काही म्हातारी झाली नव्हती. पण थोरला अठ्ठावीस वर्षांचा झाला, त्याचं लग्न झालं, आणि शेती तोच करत होता. ठिबकची फाईल करायची तर चौघांचं संमतीपत्र, कर्ज नवंजुनं करायचं तर चौघांच्या सह्या. धाकटा पुण्याजवळ रांजणगावला कंपनीत. त्यानं दरवेळी सुट्टी टाकून यायचं, पोरीनं वर्धा जिल्ह्यातून यायचं. हे झालं सांगण्यासारखं कारण. खरं कारण असं की थोरला तीन वर्षं म्हणत होता, "माय, काळ्या वावरातली पऱ्हाटी कमी करू," आणि मी तीन वर्षं नाही म्हणत होते. (पऱ्हाटी म्हणजे कापसाचं पीक.) त्याचं बरोबर की माझं, हा मुद्दा नव्हता. विचारायला तो रोज मलाच यायचा, आणि त्याच्या बायकोसमोर यायचा.

2023 च्या भाऊबीजेला तिघंही घरी होते. जेवणं झाल्यावर मी विषय काढला. धाकटा म्हणाला, "माझा हिस्सा विकून टाकू, पुण्यात फ्लॅटच्या डाऊन पेमेंटले होईल." थोरला गप्प. पोरीनं ताट बाजूला सारलं आन् म्हणाली, "मले माझा हिस्सा पाहिजे. भाऊ पेरू दे, उत्पन्नही घेऊ दे. पण नाव राहू दे."

गावात पोरी सहसा हक्क सोडतात. आमच्याकडंही नंतर बायका येऊन म्हणाल्या, पोरीनं भावाचा घास घेतला. मी सांगायची, हिस्सा ती मागून घेत नाही, तो 2004 पासून तिच्या नावावर आहे. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात बाप मृत्युपत्र न करता गेला तर बायको, मुलगे, मुली सगळे पहिल्या वर्गाचे वारस. 2005 च्या दुरुस्तीपर्यंतही जायची गरज नाही. तुमच्या घरात बहिणीला खरोखरच सोडायचं असेल तर तिची मर्जी, पण ते दुय्यम निबंधकाकडं नोंदणी केलेल्या हक्कसोडपत्रानं होतं. लग्नाच्या मांडवात तोंडी "सोडलं" म्हटल्यानं होत नाही, आणि तसं म्हटलं म्हणून तिचा हक्क जातही नाही.

माझा भाऊ त्या आठवड्यात येऊन गेला. त्यानं एकच सांगितलं, "तुझा हिस्सा तुझ्या नावावर ठेव. लेकरांवर विश्वास आहे म्हणूनच ठेव, म्हणजे तो टिकन." मला वाटलं होतं, मी माझा हिस्सा थोरल्याला बक्षीसपत्रानं देऊन टाकावा, तोच राबतो. आईबापांच्या चरितार्थाचा 2007 चा कायदा आहे ना, असं कोणीतरी म्हणालं. तो वाचला. त्यातल्या कलम 23 प्रमाणं सांभाळायच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळलं नाही तर परत मिळू शकते, पण ते ज्येष्ठ नागरिकांसाठी, म्हणजे 60 पूर्ण झालेल्यांसाठी. मी त्यात बसतच नव्हते. चार सारखे हिस्से करायचे ठरले, प्रत्येकी 90 आर.

रस्ते दोन होते. एक, दुय्यम निबंधकाकडं वाटणीपत्र नोंदवणं. मुद्रांक तेव्हा शंभर रुपये, पण नोंदणी फी एक टक्क्याच्या हिशेबानं, कमाल 30 हजार. (ही फी शेतजमिनीच्या वाटणीपत्रासाठी माफ करायचा निर्णय मे 2025 मध्ये मंत्रिमंडळानं घेतला. तुम्ही आता करत असाल तर आधी हे तपासा.) दुसरा, महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 85 खाली सगळ्या सहधारकांच्या संमतीनं तहसीलदाराकडं अर्ज. आम्ही दुसरा धरला. त्यात पैसा कमी लागतो, पण चौघांपैकी एक जरी आडवा झाला तरी गाडी थांबते.

आता कोणाला कुठला तुकडा. पूर्ण काळा गट एकाला आणि बरड दुसऱ्याला, असं करून चालणार नव्हतं. दोन्ही गट चार-चार भागांत कापले: काळ्यातून प्रत्येकी 50 आर, बरडातून 40. तुकडा फार बारीक होत नाही ना हे आधी पाहा. ऑगस्ट 2023 पासून जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र आहे, त्याच्या खालचे तुकडे पाडता येत नाहीत.

एकर वाटायला एक संध्याकाळ पुरली. विहिरीला मात्र दिवाळीची उरलेली सुट्टी गेली, आणि नंतर फोनवर डिसेंबर उजाडला. विहीर थोरल्याच्या हिश्श्यात पडत होती. धाकटा म्हणाला, मग माझ्या तुकड्याची किंमतच नाही. विहीर सामाईक ठेवायची आणि पाण्याची पाळी लावायची असं ठरलं. मी म्हटलं, एकेक आठवडा घ्या. पोरगी हिशेब करत बसली होती, ती म्हणाली, "माय, लाइन कशी येते? एक हप्ता दिवसा, एक हप्ता रात्री. चौघांत आठवड्याची पाळी लावली तर ज्याले पहिल्यांदा रात्रीची भेटली त्याले जन्मभर रात्रीचीच भेटन." खरंच होतं. चार आठवड्यांनी पाळी फिरून येते तेव्हा पुन्हा तीच रात्र. तीन वर्षांनी कोणी तरी रात्री दोन वाजता मोटार चालू करायला जाताना भावाला शिव्या दिल्या असत्या, आणि का ते दोघांनाही कळलं नसतं. म्हणून पाळी दोन-दोन दिवसांची केली. आठ दिवसांनी फेरा पूर्ण होतो, त्यामुळं वार सरकत जातो आणि दिवस-रात्र दोन्ही सगळ्यांच्या वाट्याला येतात.

हे सगळं अर्जात लिहिलं. विहिरीत प्रत्येकाचा चौथा हिस्सा, पाळी दोन दिवसांची, पाइप दुसऱ्याच्या हिश्श्यातून नेण्याचा हक्क, विहिरीपर्यंत आठ फुटांची वाट, मोटार जळाली तर खर्च चौघांत. अर्जनवीस म्हणाला, एवढं कोणी लिहीत नाही बाई. मी म्हटलं, तुम्ही लिहा. आज बाकी तिघांचाही हिस्सा थोरलाच पेरतो, धाकट्यानंही विकायचं तूर्त सोडलं आहे, पाळी कोणी वापरत नाही. पण उद्या नातवंडं असतील.

अर्जाच्या आधी दोन कामं निघाली. पहिलं, अ.पा.क. शेरा. पोरीचं लग्न झालं, तिला पोरगं झालं, तरी सातबाऱ्यावर ती अज्ञानच होती. पटवाऱ्याकडं साधा अर्ज, तिघांच्या शाळेच्या टीसी, आधार. फेरफार, म्हणजे सातबाऱ्यातल्या बदलाची नोंद, लिहिला जातो, पंधरा दिवसांची नोटीस लागते, कोणाची हरकत नसेल तर आरआय, म्हणजे मंडळ अधिकारी, तो मंजूर करतो. नोटीस "आपली चावडी" या सरकारी संकेतस्थळावरही दिसते, रोज पटवाऱ्याच्या दारात जायची गरज नाही. पोरीचं नाव मात्र अडलं. सातबाऱ्यावर माहेरचं, आधारवर सासरचं. दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं प्रतिज्ञापत्र आणि लग्नाचा दाखला द्यावा लागला. लग्न झालेली बहीण तुमच्या सातबाऱ्यावर असेल तर हे आधीच करून ठेवा. आणखी एक, सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक माफ आहे, साध्या कागदावर चालतं. बाहेर टेबल टाकून बसलेले तरी तेव्हा शंभरचा स्टॅम्प घ्यायला लावायचे.

जानेवारी 2024 मध्ये तो फेरफार मंजूर झाला. नवा सातबारा ऑनलाइन काढला, पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा मिळतो. तिघांच्या नावापुढचा शेरा गेला होता. मी तो मोबाईलवर पुन्हा पुन्हा पाहिला. आनंद झाला असं म्हणता येणार नाही. तो शेरा होता म्हणून बँकेत, सोसायटीत, बाजार समितीत माझं कोणी ऐकायचं.

दुसरं काम बोजा. सातबाऱ्याच्या इतर अधिकारात सोसायटीच्या पीककर्जाची नोंद होती. तहसीलमध्ये सांगितलं की आधी फेडा नाही तर ना-हरकत आणा. फेडायचंच होतं. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज 31 मार्चच्या आत भरलं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत व्याज लागत नाही. पण त्यासाठी घरात ठेवलेला कापूस फेब्रुवारीत काढावा लागला. लांब धाग्याचा हमीभाव 7,020, व्यापारी त्याच्या खाली मागत होते. भाव वाढतील म्हणून गाव थांबलं होतं, आम्ही थांबलो नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात अर्ज दिला. सोबत दोन्ही गटांचे सातबारे, आठ-अ (खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा), वारसाचा जुना फेरफार, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, चौघांची संमती, हिस्से दाखवणारा हातानं काढलेला कच्चा नकाशा. पोच घेतली. पोचेवर आवक नंबर आणि तारीख घातल्याशिवाय तिथून उठू नका, पुढं सगळं त्या नंबरावर चालतं.

16 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली.

आमच्याकडं मतदान 26 एप्रिलला होतं, निकाल 4 जूनला. तोवर तहसीलमधला प्रत्येक माणूस निवडणुकीच्या कामात. कोणाचा दोष नाही, पण मध्ये पेरणीचा हंगाम उभा राहिला आणि वावर कोणाचं ते कागदावर ठरायचं बाकी. थोरल्यानं मेच्या शेवटी विचारलं, "माय, काय पेरायचं?" नेहमीसारखंच. मी म्हटलं, "तू ठरव." त्याला ते खरं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं आणि उठून भांडे घासायला गेले, कारण तिथं बसून राहिले असते तर तोंडातून पऱ्हाटी निघालंच असतं.

त्यानं काळ्यात सोयाबीन आणि तूर लावली, पऱ्हाटी बरडाला नेली.

जूनच्या शेवटी जबाब झाले. चौघंही हजर, मूळ आधार सोबत. तहसीलदारांनी एकेकाला विचारलं, वाटणी राजीखुशीनं आहे का, कोणाचा दबाव आहे का. पोरीला दोनदा विचारलं. ती दोन्ही वेळा "राजीखुशीनं" म्हणाली. मला विचारलं तेव्हा मी मान हलवली, तर कारकून म्हणाला, "तोंडानं बोला बाई, लिहायचं आहे." जुलैत आदेश आला. आमच्या तहसीलमध्ये या आदेशाची वेगळी दस्त नोंदणी लागली नाही. ऑगस्टमध्ये फेरफार, पुन्हा पंधरा दिवस, पुन्हा आरआय.

कागदाच्या बाहेरची वाटणी याच महिन्यांत चालली होती, आणि तिला कुठं अर्ज नाही. निंदणाच्या बाया सकाळी अंगणात येऊन मलाच विचारायच्या, "बाई, आज कोणत्या वावरात?" मी म्हणायची, "त्याले विचारा." त्या हसायच्या आणि उभ्याच राहायच्या. थोरला उठून येईपर्यंत कोणी हलायचं नाही. शेवटी मी सकाळी त्या वेळेला घरातच थांबायला लागले. कृषी केंद्राचं उधारीखातं त्याच्या नावावर करून दिलं. दुकानदार म्हणाला, जामीन तुम्ही ना? मी नाही म्हटलं. दुकानदारापेक्षा पोरालाच ते जास्त लागलं, हे दोन दिवस त्याच्या बोलण्यात दिसलं. मजुरीच्या वह्या दिल्या. 2004 पासूनच्या त्या वह्यांत कोणाला किती वेचाई दिली, कोणत्या वर्षी कोणत्या तारखेला पाऊस आला, सगळं आहे. सुनेनं त्या मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवल्या. वाचल्या की नाही ठाऊक नाही.

सोयाबीन चांगलं झालं आणि भाव पडला. हमीभाव 4,892, बाजारात त्याच्या कितीतरी खाली. खरेदी केंद्रावर ओलावा 12 टक्क्यांच्या वर चालत नव्हता. नोव्हेंबरच्या मध्यात 15 टक्क्यांपर्यंत सवलत आली, तोवर आमचं निम्मं गेलं होतं. पोरगा संध्याकाळी ओसरीवर बसला, माझ्याकडं पाहिना. मी चहा दिला. पऱ्हाटीचा विषय मी काढला नाही, तो त्यानंही काढला नाही. तुरीनं पुढं थोडं सावरलं.

मोजणीचा अर्ज सप्टेंबरमध्येच भूमी अभिलेखला दिला होता. आदेशानं हिस्से कागदावर पडतात, जमिनीवर दगड मोजणीनंतरच लागतात. तेव्हा दोन हेक्टरपर्यंत साध्या मोजणीला 1,000, तातडीला 2,000, अतितातडीला 3,000 असा दर होता. आम्ही तातडीची भरली, दोन गटांचे 4,000. (1 डिसेंबर 2024 पासून नियमित आणि द्रुतगती असे दोनच प्रकार राहिले आणि दर वाढले. नंतर पोटहिस्स्याच्या मोजणीला सवलतीचं ऐकलं आहे, कार्यालयात विचारा.) उभ्या पिकात मोजणी होत नाही, आणि नोव्हेंबरात विधानसभा आली. तारीख मिळाली जानेवारी 2025 ची. लगतच्या सगळ्या शेतकऱ्यांना नोटिसा गेल्या.

भूकरमापक सकाळी आला. रोव्हर म्हणतात ते खांबावरचं यंत्र, सोबत एक माणूस. आधी गटाची बाहेरची हद्द काढतात, मग आतले हिस्से. नाल्याकडच्या बाजूला तो थांबला, यंत्रात पाहिलं, चार पावलं शेजाऱ्याच्या हरभऱ्यात गेला आणि म्हणाला, "तुमची हद्द इथं येते." सात-आठ फुटांचा पट्टा, धुऱ्याच्या पूर्ण लांबीभर. शेजारी तिथंच उभा होता, नोटीस त्यालाही होती. तो काही बोलला नाही. मी त्याच्याकडं पाहिलं. वीस वर्षं मी जे तोंडानं सांगत होते ते आता यंत्र सांगत होतं, आणि मला वाटलं, आज हा धुरा मागं सरकणार.

तो पट्टा आदेशाप्रमाणं थोरल्याच्या हिश्श्यात होता. थोरला शेजाऱ्याला घेऊन आंब्याखाली गेला. दोघं बराच वेळ बोलत उभे होते. आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "माय, काका त्यांच्या धुऱ्यावरून पांदणीपर्यंत वाट द्यायले तयार आहे. टॅक्टर जाईन एवढी. पट्टा त्यांच्याकडंच राहू दे म्हणतो."

आमचं वावर पांदणीपासून, म्हणजे गाडीवाटेपासून, आत आहे. पावसाळ्यात नाला भरला की बंडी टेकडीला वळसा घालून न्यावी लागते. टॅक्टर तर जूनपासून ऑक्टोबरपर्यंत जातच नाही. धुऱ्यावरून रस्ता जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 143 खाली तहसीलदाराकडं मागता येतो, पण ते प्रकरण चालवायचं म्हणजे शेजाऱ्याशी कायमचं वैर. हे सगळं मला कळत होतं. तरी माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की एवढी वर्षं त्या धुऱ्यावर उन्हात उभी राहिले ते काय दान करायला. मी "नाही" म्हटलं असतं तर पोरानं ऐकलं असतं. त्याच्याकडं पाहून ते दिसत होतं. भूकरमापक दगडांसाठी थांबला होता.

मी म्हटलं, "लिहून घे."

काय लिहायचं हे मात्र मी सांगितलं, तेवढं माझ्याजवळ होतं. पट्टा आमच्या मालकीचा आहे, शेजारी तो आमच्या परवानगीनं वापरतो, बदल्यात त्यांच्या धुऱ्यावरून दहा फुटांची बारमाही वाट. "परवानगीनं" हे लिहिलं नाही तर बारा वर्षांच्या विरोधी ताब्याचा दावा उभा राहू शकतो. आम्ही पुढच्या आठवड्यात वकिलाकडून कागद करून घेतला, दोन्ही घरच्यांच्या सह्या, दोन साक्षीदार. वकिलाला पैसे लागले ते याच एका कामाला, 3,000. शेजारी सही करताना म्हणाला, "वयनी, तुमच्यापेक्षा पोरगा बरा." मी म्हटलं, "म्हणूनच त्याच्या नावावर केलं." दगड खऱ्या हद्दीवरच लावले. आता ते त्याच्या हरभऱ्यात उभे आहेत.

मोजणीनंतर "क" प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, मिळाली. मग भूमी अभिलेखकडून आकारफोड (हिस्स्याप्रमाणं शेतसारा वाटलेला कागद) आणि कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातला बदल दाखवणारा कागद) पटवाऱ्याकडं येतं, त्यावर पुन्हा फेरफार, आणि मग हिस्सा नंबरासह वेगळे सातबारे. हा टप्पा सगळ्यात विसरला जातो. मोजणी झाली की लोकांना वाटतं संपलं, आणि कमी-जास्त पत्रक दोन कार्यालयांच्या मधे पडून राहतं. दर पंधरा दिवसांनी दोन्हीकडं आवक नंबर घेऊन विचारत राहायचं. आमचं मेमध्ये झालं.

सरकारी खर्च थोडा लागला. मोजणीचे चार हजार, अर्जनवीसाचे पंधराशे, बाकी नकला, कोर्ट फी, प्रतिज्ञापत्रं. खरा पैसा गेला तो धाकट्याच्या पुण्याहून येण्या-जाण्यात, त्याच्या बिनपगारी सुट्ट्यांत आणि दगड लावायच्या मजुरीत. एकूण पंचवीस हजारांच्या आसपास धरा.

माझा हिस्सा मी थोरल्यालाच मक्त्यानं दिला आहे, एकरी पंधरा हजार. त्यानं पहिल्यांदा म्हटलं, आईकडून काय मक्ता करायचा. मी म्हटलं, द्यायचा, आणि अक्षय तृतीयेला द्यायचा. सुनेला ते पटलं नाही. तिची आई मात्र म्हणाली, बरं केलं.

पीएम किसानचं सांगायचं राहिलं. माझे हप्ते चालू आहेत. थोरल्यानं नवा अर्ज केला तो परत आला, कारण जमीन 1 फेब्रुवारी 2019 च्या आधी नावावर असावी लागते आणि नव्या सातबाऱ्यावर फेरफाराची तारीख 2025 ची दिसते. 2004 च्या वारस फेरफाराची नक्कल जोडून पुन्हा दिला आहे, तो अजून चौकशीत आहे. वाटणी करणाऱ्यांनी जुन्या फेरफाराच्या दोन-तीन प्रमाणित नकला आधीच काढून ठेवाव्यात.

विहिरीवरचं विजेचं कनेक्शन अजूनही यांच्याच नावावर आहे. मृत्यूचा दाखला, चौघांचे सातबारे, बाकी तिघांचं संमतीपत्र आणि थकबाकी नसल्याची पावती जोडून ते थोरल्याच्या नावावर करायचं चाललं आहे. विहीर सामाईक असेल तर हे काम सातबारा एकच असतो तेव्हाच उरका, नंतर चार ठिकाणचे कागद गोळा करावे लागतात. धाकट्याची सही पुढच्या महिन्यात मिळेल, तो पोळ्याला येतो आहे.